दबाव शून्य किलो

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी, श्रीमती सोजरबाई भिवाजी गोटे, वय वर्षे ६७, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक (सन १९७५, पहिल्याच खेपेत), राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. वाशीमच्या वकीलसाहेबांनी जो नमुना दिला त्यात "कोणाच्याही दबावाखाली न येता" असे शब्द आहेत. दबाव मोजल्याशिवाय लिहायचा नाही, ही माझी बावीस वर्षांची सवय. म्हणून मोजून लिहिते की आज माझ्यावर दबाव शून्य किलो आहे. मागच्या रविवारपर्यंत तो पुष्कळ होता. तो कोणाचा आणि कसा उतरला, ते कलम पाचमध्ये लिहिले आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे, साखर काबूत आहे, डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. किन्हीराजा येथील दोन खोल्या, न्हाणी व अंगण माझी एकुलती मुलगी सौ. रूपाली हिला द्यावे. अंगणाची दक्षिणेकडची भिंत माझे दीर जगदेवभाऊजी यांनी बांधताना हातभर आत घेतली. ती हातभर जागा मी त्यांना माफ करत नाही, देऊन टाकते. देणाऱ्याचे नाव कागदावर राहते, एवढ्यासाठी हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

कलम २. पासबुकात असेल त्यातला दहावा हिस्सा कारंज्याच्या गुरुमंदिरात अन्नदानाला द्यावा, बाकी रूपालीला. पावती घ्यावी. देवाच्या दारीही पावती घ्यावी, त्यात देवाचा अपमान नाही.

कलम ३. माझी सोन्याची पोत व दोन पाटल्या नात निकिता हिला, ती दहावी पास होईल त्या दिवशी द्याव्यात. लग्नाची वाट पाहू नये. माझ्या लुगड्यांपैकी चांगली वाटून टाकावीत, विटलेल्यांची गोधडी शिवावी, आणि गोधडीलाही न चालणारी दुकानात हात पुसायला ठेवावीत. फेकू नयेत.

कलम ४. अवजारे व कागद. हे कलम लांब होणार आहे, वाचणाऱ्याने बसून वाचावे.

किन्हीराजा फाट्यावर यजमानांनी १९८९ साली गाड्यांना हवेचे हॉर्न बसवायचे दुकान टाकले. भाऊजी हाताखाली होते. हॉर्नच्या प्रत्येक डब्यातून माहितीचा एक इंग्रजी कागद निघे. यजमान सहावीपर्यंत शिकलेले, ते कागद फेकून देत. मी ते घरी आणून ठेवी, कारण मागची बाजू कोरी असते आणि किराण्याची यादी तिथे बरोबर मावते. चौदा वर्षे मी त्यावर मीठमिरची लिहिली, कागद उलटून पाहिला नाही. ही माझी चूक आहे आणि ती इथे मान्य करते.

२००३ साली लालसिंगभाऊ राठोड यांच्या ट्रकला भाऊजींनी हॉर्न बसवला. वेगळी टाकी वाचावी म्हणून हवा ब्रेकच्या टाकीतूनच घेतली. घाट उतरताना समोर बकऱ्या आल्या. लालसिंगभाऊंनी हॉर्न दाबून धरला, आणि ब्रेकवर पाय दिला तेव्हा ब्रेकला हवा उरली नव्हती. गाडी गिट्टीच्या ढिगात घातली म्हणून ते वाचले, आणि बकऱ्याही वाचल्या. दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून ते दुकानात आले.

"भिवाजीभाऊ, तुमच्या हॉर्ननं माह्या ब्रेकची हवा पेली."

भाऊजी म्हणाले, "चालवता येत नाई, अन् हॉर्नले काहून नाव ठेवता?"

त्याच दुपारी मी यादी लिहायला बसले. मीठ, तुरीची डाळ, एवढे झाले आणि माझा हात थांबला. कागद उलटवला. शाळेतली डिक्शनरी काढून चार दिवसांत ते पान लावले. त्यात तीन गोष्टी होत्या. हॉर्नची हवा ब्रेकच्या टाकीतून घेऊ नये. हॉर्नला आठ किलोच्या वर दाब देऊ नये. हॉर्न किती वेळ वाजायला हवा ते ठरवून त्याप्रमाणे टाकी निवडावी. आमच्या दुकानात मात्र सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होते. आवाज कमी वाटला, चढवा दाब. दहा किलो, अकरा किलो. आतला पडदा फाटे, गिऱ्हाईक परत येई, आम्ही नवा पडदा टाकून पुन्हा तोच दाब देत होतो.

मी यजमानांना म्हटले, "तुमी नुसता दाब चढवून राह्यले. भोंग्याले दम पाह्यजे. दम टाकीत असते."

"हे कागदात लिवलं हाय?"

"चौदा वर्सापासून लिवलं हाय."

त्यांनी चहा संपवला, आतून स्टूल आणून दाब दाखवणाऱ्या गेजसमोर ठेवले आणि म्हणाले, "मंग उद्यापासून इथं तूच बस."

भाऊजी हसले. "आता बायका हवा मोजतीन काय!" त्या महिन्यात ते दुकानातून वेगळे झाले, आणि वयनीनं काढलं असे बावीस वर्षे सांगत फिरले. मी कोणाला काढले नाही. मी कागद वाचून दाखवला.

पुढे येणाऱ्यांसाठी हिशोब लिहून ठेवते. आमचा दोन भोंग्यांचा हॉर्न आठ किलोवर पूर्ण गळ्याने बोलतो, पाच किलोच्या खाली रडतो. म्हणजे कामाची हवा वरच्या तीन किलोंचीच. टाकी वीस लिटरची असेल तर वीस गुणिले तीन, साठ लिटर. हॉर्न सेकंदाला पाच लिटर पितो, म्हणून बारा सेकंद. पाच लिटरच्या टाकीवर तीनच सेकंद. टाकी जितकी मोठी तितकी चांगली, असेही नाही. छोट्या कंप्रेसरला मोठी टाकी जोडली तर तो भरता भरता तापून बसतो. आमचा कंप्रेसर मिनिटाला तीस लिटर देतो, साठ लिटर दोन मिनिटांत भरतो, ही जोडी जमते. सुरुवातीला घड्याळ नव्हते तेव्हा मी "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा" म्हणून सेकंद मोजत असे. शाळेच्या घड्याळाशी ताडले तर एका वेळेला चार सेकंद भरले. त्यामुळे बारा सेकंदांच्या हॉर्नबरोबर माझा तीनदा जपही होतो.

गेज, पाने, पकडी व पाईप कापायची सुरी रूपालीला द्यावी. इंग्रजी कागदांचा गठ्ठा निकिताला द्यावा. मागच्या याद्या खोडू नयेत.

कलम ५. दुकान. फाट्यावरची जागा व दुकान यजमानांनी हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले आहे. ते गेल्यापासून रूपाली मालेगावहून, म्हणजे सासरहून, रोज एसटीने येऊन दुकान चालवते. यंदा दिवाळीत भाऊजी घरी आले.

"वयनी, दुकान भावाचं हाय. रूपाली परक्या घरची झाली. माह्या पोराच्या, हरीओमच्या नावानं लिवून टाका."

त्यानंतर आठ दिवसांत सात जण हेच सांगून गेले. त्यांत माझा सख्खा भाऊ होता. सगळे गोड बोलले. चहा सगळ्यांना दिला, दूध कमी टाकून. पण दबाव आला, हे खरे. आपण गेल्यावर ही माणसे पोरीला दुकानात बसू देतील की नाही, एवढी एकच काळजी होती.

शेवटी भाऊजी दुकानातच, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "हरीओम अन् रूपाली, दोघंबी एक एक हॉर्न लावा. ज्याचा जास्त वेळ वाजला, त्याचं दुकान. हाय हिंमत?"

मी म्हटले, "हाय. पण लिवून द्या, भाऊजी."

लिहिताना मी एक अट घातली. हॉर्न तीनदा वाजला पाहिजे, मध्ये दोन-दोन मिनिटे सोडून. रस्त्यावर बकऱ्या एकदाच येत नाहीत. भाऊजी म्हणाले, "तीनदा काय, तीसदा वाजवतो," आणि सही केली. खाली मीही केली. रूपाली हरली असती तर या कलमात आज हरीओमचे नाव असते. सही मोडायची सवय मला नाही.

रविवार, दोन नोव्हेंबर. माझा एकादशीचा उपास होता. लालसिंगभाऊंनी आपला नवा टँकर उभा केला. अंजनाबाई खिल्लारे, निवृत्त शिक्षिका, मोबाईलवर सेकंद मोजायला बसल्या. दोघांना सारखेच नवे हॉर्न दिले. रूपालीला मी एक शब्द सांगितला नाही.

हरीओमने पंधरा लिटरची टाकी आणली आणि दाब दहा किलो भरला. पोरगा अडाणी नाही. मला म्हणाला, "मोठीमाय, हिशोब तुहाच हाय. दहातून पाच गेले पाच. पंधरा पंचे पंचाहत्तर. पंधरा सेकंद वाजते."

रूपाली म्हणाली, "दाब वाढला का भोंगा पेतेबी जास्त, हरीओम. अन् दहा किलो त्याले सोसते का, हे इचारलं काय त्याले?"

"भोंग्याले कोण इचारते, ताई!"

बटण दाबले. आवाज असा निघाला की फाट्यावरचे चहावाले गाळणी धरून बाहेर आले. भाऊजी कमरेवर हात ठेवून चौफेर पाहू लागले. चार सेकंद त्यांचे होते. पाचव्या सेकंदाला भोंगा फर्र झाला, जुने धोतर टराटरा फाडावे तसा, आणि नंतर नुसती हवा सूं सूं करत राहिली. पडदा गेला होता.

मग रूपाली. वीस लिटर, आठ किलो, वेगळा कंप्रेसर, ब्रेकच्या टाकीला हातही नाही. पहिल्यांदा बारा सेकंद. मधली दोन मिनिटे कंप्रेसर एकटा बोलत होता. दुसऱ्यांदा बारा. तिसऱ्यांदा अकरा.

भाऊजी म्हणाले, "पाहा, एक सेकंद कमी भरला."

लालसिंगभाऊ म्हणाले, "जगदेवभाऊ, तुमची दुसरी अन् तिसरी खेप बाकी हाय. ते वाजवा पयले, मंग सेकंद मोजू."

फाटा हसला. मी हसले नाही, उपास होता. घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि मग एकटीच पोट धरून हसले.

सबब, दुकान, त्याची जागा, कंप्रेसर, माल व नाव यांची संपूर्ण मालकी सौ. रूपालीची. तिच्यानंतर निकिताची. यावर दीर, पुतण्या, भाऊ किंवा जावई, कोणाचाही हक्क नाही व राहणार नाही.

कलम ६. दुकान चालवणाऱ्यावर अटी. ब्रेकच्या टाकीतून हवा घेऊ नये, गिऱ्हाईक दुप्पट देत असले तरी. काटकसर मी सगळीकडे केली, साबणाच्या चिपटीला चिपटी चिकटवली, पण हवेची टाकी कधी वाचवली नाही. गाणी म्हणणारे हॉर्न बसवू नयेत, कायद्यात बसत नाहीत आणि कानालाही सोसत नाहीत. टाकीच्या तळाशी पाणी साचते, ते रोज सकाळी दिवाबत्तीनंतर सोडावे. दर गुरुवारी दुकान दुपारी बारा वाजता आरतीपुरते बंद ठेवावे.

कलम ७. माझ्यामागे दहावा-तेरावा साधा करावा. माझ्या अंत्ययात्रेत कोणत्याही ड्रायव्हरने प्रेमापोटीही हॉर्न वाजवू नये. हॉर्न बाजूला हो म्हणायला असतो, आणि त्या दिवशी मला बाजूला होता येणार नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, चष्मा लावून दोनदा तपासला आहे. माझ्या समक्ष साक्षीदारांनी व त्यांच्या समक्ष मी, अशा सह्या केल्या आहेत.

(सही) सोजरबाई भिवाजी गोटे

साक्षीदार:
१. (सही) लालसिंग हरिसिंग राठोड, ट्रकमालक
२. (सही) अंजना ग्यानबा खिल्लारे, निवृत्त शिक्षिका

ठिकाण: किन्हीराजा
दिनांक: गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ताजा कलम. सह्या चालू असताना भाऊजी न बोलावता आले, ओट्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले आणि पेन मागितले. साक्षीदार दोन पुरे होते, म्हणून खालची सही ही साक्ष नसून केवळ मान्यता आहे. शब्द त्यांचे, त्यांच्याच अक्षरात:

"वाचलं. भिंतीचं बी वाचलं. दुकान रूपालीचं, मले मंजूर. सोमवारपासून हरीओमले पाठवतो, त्याले गेजवर बसवून शिकवा. (सही) जगदेव गोटे"