जवसाची एक लाईन

लाईट गेली तर लाईन गेली. रेशनला गर्दी तर लाईन. पोरगं कामाला लागलं तर लाईनीला लागलं, फोन लागंना तर लाईन बिझी. उभ्या जन्मात तुमी मला हा एकच इंग्रजी शब्द ऐकवलात, तोबी धा ठिकाणी वापरून. आपल्या बोलीत काय शब्दांचा दुष्काळ पडला व्हता?

अहो,

राग काढून झाला. आता ऐका. दुसरीपतोर शिकलेली बाई लिहितीय, अक्षराला नावं ठेवू नका.

तुमची नात शीतल दसऱ्याला घरी आली. कॉलेजात इंग्रजी शिकती. म्हणली, "आज्जे, लाईन म्हंजे मुळात जवस."

"गप भाजी निवड."

"खरंच गं. तिकडं युरोपात पूर्वी जवसाच्या काडीचा धागा काढायचे. तो ताणून सरळ रेघ धरायचे. जवसाचं नाव धाग्याला पडलं, धाग्याचं रेघेला."

माझ्याच हातातली भाजी तशीच राह्यली.

ज्वारी पेरताना पुढं तिफण तुमी धरायचात. मागं बांधलेलं मोघण माझ्या हातात. त्या नळीतनं जवस सोडायचं काम माझं. घरात चार माणसांपुढं आपण कधी बोललो? जे काय बोलले ते रानात, तेबी तुमच्या पाठीकडं बघून. तुमी पुढं बघूनच म्हणायचात, "लाईन वाकडी चाललीय गं." एकदा तरी वळला असतात तर बैलं काय पळून जाणार व्हती?

दवाखान्यात नर्स तुमच्या हाताला सुई लावून म्हणली, "आजोबा, लाईन टाकलीय, हात हलवू नका." तुमी माझ्याकडं बघून हसलात. एवढा वेळ सरळ तोंडाकडं कधी बघितलं न्हवतं. आन म्या बसले पदर सारखा करत.

आता दत्ता ट्रॅक्टरनं पेरतो. जवसाचं नाव काढलं तर तुमचा ल्योक म्हणतो, "आई, मूठभर चटणीसाठी ट्रॅक्टर थांबवू का?" तुमी असताना निघालेलं शेवटचं जवस गाडग्यात हाय. बी जुनं झालंय. औंदा मातीत पडलं न्हाय तर पुन्हा उगवायचं न्हाय. मग तुमच्या हातचं काय उरलं मला?

म्हणून सांगते. उद्या ट्रॅक्टर रानाबाहेर गेला की म्या खुरपं घेऊन निघणार. या बांधापासनं त्या बांधापतोर जवसाची एक लाईन घालणार. व्हय, लाईनच म्हणते. गुडघं दुखलं तर बसत-बसत घालीन, पण घालीन.

एक तेवढं कळवा. मागं न बघता माझी ओळ वाकडी चाललीय हे तुमाला कसं कळायचं? का बघत व्हता, मलाच दिसत न्हवतं?

उत्तर तुमीच द्यायचं. सासूबाई तिथंच हायत म्हणून पूर्वीसारखा त्यांच्या तोंडून निरोप धाडाल, तर म्या घ्यायची न्हाय.

तुमचीच,
दत्ताची आई