चौकातली दहा मिनिटे

अकोला, ९ सप्टेंबर १९६५
सौ. यशोदा जाऊन आज एकवीस दिवस. चि. वसंतास आई गेल्याचे अद्याप कळविलेले नाही. तिचे शेवटचे स्पष्ट शब्द : "वसंताले आत्ता काई कळवू नका. तो फौजेच्या गाड्यांपुढं फटफटी चालवते." ती आजारपणाविषयी बोलत होती. त्या शब्दांची मुदत मी माझ्या सोयीने वाढविली.

आज त्याला पत्र टाकले. लिहिता येत नसल्याने ती प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात कुंकवाचे बोट उमटवीत असे. आज मी उमटविले. करंगळीने, तिचे बोट बारीक होते.

१० सप्टें.
कॉलेजातून परतताना हमरस्त्याच्या चौकातले पंक्चरवाले गफूरभाई यांनी सायकल अडविली.
"सर, वसंता दिसला. दंडावर मिलिटरी पोलिसाचा पट्टा, ट्रकांची लाइन काढून देऊन राहिला होता. पाणी बी नाही पेला. म्हणे, चाचा, सोमवारी सकाळी दुसरी लाइन नेतो, इथं दहा मिनटं थांबन. आईले ठेचा-भाकर घेऊन धाडा."
"तुम्ही काय म्हणालात?"
"काय म्हणू? त्या हसऱ्या तोंडाले सांगवते का? तुमी बाप हाव. ते काम तुमचं हाय."
खरे आहे.

१२ सप्टें., रवि.
थोरली बहीण गोदाक्का अमरावतीहून आली. आल्यापासून तेच. "अग्नी द्याचा हक्क लेकाचा होता. तू खाल्ला तो." मी म्हटले, दिवे झाकून ट्रकांपुढे चालणाऱ्यास हे कसे सांगावे? चित्त विचलित झाले तर...
"मंग डोस्क्याचं काय करशीन?"
अग्नी मी दिला, त्यामुळे मुंडन. केस अद्याप खुंटाएवढे. उद्या घालण्यासाठी काळी टोपी काढून ठेवली आहे. वसंताने मला टोपीत कधी पाहिलेले नाही.

१३ सप्टें.
सातपासून चौकात. ठेचा गोदाक्काचा, भाकरी जाड झाल्या. जवानांना ओवाळण्यास बायका ताटे घेऊन उभ्या. थांबा रद्द झाला असावा. ट्रक न थांबताच जाऊ लागले. वसंत रस्त्यापलीकडे, एक हात आडवा. वाळला आहे. मला पाहून हसला. मग माझ्या मागच्या बायकांत शोधू लागला. दोन ट्रकांमधल्या फटीत मोकळा हात उलटा करून विचारले : आई?

डबा उंच धरावयाचा, हसावयाचे, असे घरून ठरवून निघालो होतो.

टोपी काढली.

मध्ये ट्रक आला. मागोमाग दुसरा. पुन्हा दिसला तेव्हा हात तसाच आडवा, दृष्टी रस्त्यावर. शेवटची गाडी जाताच पुढचा चौक गाठण्यासाठी त्याला निघणे भाग होते. गफूरभाई डबा घेऊन धावले, तसाच परत आणला.
"थांबला नाही, सर. लय जोरात गेला."

१८ सप्टें.
पाच दिवस टपाल नाही. बाळापूरच्या बसचा कंडक्टर म्हणाला, सोमवारी रस्त्याच्या कडेस मिलिटरीची एक फटफटी होती. उभी की आडवी? त्याने पाहिले नाही. तीनदा विचारले, तेव्हा चिडला.

संध्याकाळी पत्र लिहावयास बसलो. सर्व लिहिले, तिची तारीख, वेळ, अग्नी कोणी दिला तेही. पत्ता घातला. कुंकवाची डबी उघडली नाही.