तिसऱ्या खिडकीपाशी

सूचौ, बुधवार

तीर्थरूप ताईस, धाकट्या येनशेंगचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? शनयांगची थंडी एव्हाना ओसरली असेल, तरी लोकरीचे पायमोजे इतक्यात काढू नकोस. तू पाठवलेली सुकी पर्सिमनची फळं पोचली. (अर्धी प्रवासात चेपली होती, ती आधी खाल्ली, उरलेली चांगली होती म्हणून मग तीही खाल्ली.) माझी तब्येत ठणठणीत आहे. निदान रविवारी सकाळी नऊपर्यंत तरी होती.

मागच्या पत्रात तू मला चांगलंच झापलंस. "तुझी बायको हुइफांग देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली, त्या यिन बाईंबरोबर बागेत रोज चहा पितोस, आता एकदा विचार तरी, नाहीतर त्यांची वाट अडवू नकोस," असं लिहिलंस. तुझा शब्द मी सहासष्टाव्या वर्षीही मोडत नाही. म्हणून रविवारी दाढी केली, निळा कोट घातला, आभाळ स्वच्छ असूनही छत्री घेतली (हातांना काहीतरी काम हवं) आणि बागेच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. रेशीम गिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त केले, पण एवढे घट्ट बसलेले स्क्रू कधी पाहिले नाहीत जेवढे त्या दिवशी माझ्या जबड्यात होते.

रविवार निवडला ही माझी पहिली चूक. विस्टेरियाचा जांभळा वेल फुललाय, तेव्हा अख्खं शहर बागेत लोटलं होतं. भाड्याचे राजेशाही झगे घातलेल्या मुली नागमोडी पुलाच्या प्रत्येक वळणावर फोटो काढत होत्या, आमच्या नेहमीच्या टेबलावर कुणाचा तरी नातू झोपवला होता. यिन बाई म्हणाल्या, "चला, जोडवऱ्हांड्यातून चालू." तुला आठवत असेल, मधोमध भिंत, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खडक, आणि भिंतीत नक्षीच्या जाळीच्या खिडक्या. आपण लहानपणी तिथे दोन्हीकडून पळत एकमेकांना वेडावायचो. आम्ही आत शिरतोय तोच पिवळ्या टोप्यांची एक सहल मागून आली आणि त्या लोंढ्यात यिन बाई खडकांच्या बाजूला गेल्या, मी तळ्याच्या.

मला बरंच वाटलं, ताई. तोंडावर बोलायचा धीर नव्हता. भिंतीआडून बोलणं सोपं.

पहिल्या खिडकीत त्या दिसताच म्हणालो, "यिन बाई, तुम्ही माझ्या घरी राहायला याल का? कायमच्या म्हणतोय मी."

"छे, छे! या वयात काहीतरीच तुमचं."

मी खचलो नाही. आईनं आपल्याला काय शिकवलंय? कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. (काकूची मिठाई पहिल्याच खेपेला घेतली म्हणून तू खाल्लेला धपाटा मी अजून विसरलेलो नाही.) आणि यिन बाई तर शाळेत सुलेखन शिकवायच्या; रीत सोडणं त्यांच्या हातून व्हायचं नाही. दुसऱ्या खिडकीत पुन्हा विचारलं.

"नको, नको. लोक काय म्हणतील? शिवाय तुम्ही घोरता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"परवाच्या गाण्याच्या कार्यक्रमात अख्ख्या सभागृहाला कळलं."

म्हणजे दोन नकार रीतसर पदरात पडले. राहिली तिसरी खिडकी. तिथे मी डोळे मिटले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं: संध्याकाळी दोन वाट्या मांडायची सवय अजून जात नाही, तुम्ही आला नाहीत त्या दिवशी चहा बेचव लागतो, माझी व्हाल का? डोळे उघडले तर जाळीत सात-आठ पिवळ्या टोप्या! त्यातली एक धिप्पाड बाई म्हणाली, "काका, माझा नवरा मागेच उभा आहे हो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा वाटाड्या कर्ण्यातून "पुढे सरका" म्हणून ओरडत होता. मी अत्यंत शांतपणे, सावकाश चालत मागच्या दारानं बाहेर पडलो. तेव्हापासून बागेकडे फिरकलेलो नाही. फार एकटं वाटतं, ताई.

तुझा,
येनशेंग

ता. क. खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहितोय: तू ये. थोरल्या बहिणीनं तिसऱ्यांदा विचारलं तर ते मोजणीत धरतात. गाडीत पाय लांब करता येतील अशी जागा घे.

ता. क. २ : माझं अक्षर पोस्टाला लागेना, दोन पाकिटं परत आली, म्हणून पत्ता नेहमीप्रमाणे यिन बाईंकडून लिहून घेतो. तोंड दाखवायची सोय नाही, दाराखालून सरकवीन. त्या दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातल्या नाहीत.

ता. क. ३ (हे अक्षर माझं, वेनचिन यिनचं) : ताई, वाचलं. ते सावकाश चालत गेले नाहीत, पळत सुटले; छत्री माझ्याकडे आहे. तिसऱ्यांदाचं मी ऐकलं. मी बुटकी, टोप्यांच्या मागे दिसले नाही. "हो" म्हणाले, ते कर्ण्यात बुडालं. वऱ्हांड्याच्या दोन्ही बाजू जिथे मिळतात त्या बाकावर मी बाग बंद होईपर्यंत बसून होते. तुम्ही विचारायला येऊ नका. लग्नाच्या जेवणाला या. ह्यांना आत्ताच सांगायला निघालेय.