गॅरेजमधली आईची खोली

बाबा, तुमच्या गॅरेजमध्ये आता आई झोपते. चिडू नका. गुडघ्यांनी तिची पार वाट लावलीये आणि मुलुंडच्या आपल्या या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट काही होत नाही. गाडी तर तुमच्या मागोमाग भंगारात गेली. मग सोसायटीवाल्यांच्या हातापाया पडून परवानगी मिळवली, शटर काढून तिथे भिंत आणि खिडकी केली, तेलाने काळी पडलेली जमीन फोडून टाइल्स घातल्या. झकास झालीये खोली. तुम्ही मात्र आधी भिंत ठोकून बघितली असतीत आणि मग म्हणाला असतात, ठीक आहे.

तुम्ही गाडी नेहमी रिव्हर्समध्ये आत घ्यायचात. मी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी. येऊ दे, येऊ दे... गाडी अगदी जवळ आली की डिकीवर थाप मारून म्हणायचं, बस. एकदा मी शाळेत होते, तर शेजारचे काका घसा फोडून बस बस म्हणाले. तुम्ही कसले ऐकताय! डिकी चेपली, भिंतीचा पोपडा निघाला, आणि वर आम्हालाच सुनावलंत, पोरीने म्हटल्याशिवाय मी थांबत नसतो.

आई खाली राहायला आली तेव्हापासून पलंग सरकतोय, बाबा. संध्याकाळी, तुमच्या यायच्या वेळेला, मी दिवा लावायला उतरते आणि पलंग मागच्या भिंतीकडे आणखी थोडा गेलेला असतो. चांगला जड, लोखंडी पलंग. आईला वॉकरशिवाय धड उभं राहता येत नाही, ती काय ढकलणार? मिस्त्रीने येऊन बघितलं, जमिनीला उतार नाही म्हणाला. आई मात्र निवांत. म्हणाली, "ते गाडी लावतायत. तू सांग ना, माझं कुठे ऐकतात?"

काल ती भिंतीकडे पाय सोडून बसली होती आणि तिचे गुडघे भिंतीला टेकायला आले होते. मी अंग चोरून तिच्या शेजारी, मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. येऊ दे, म्हटलं. पलंगाची कड माझ्या पायाला लागली. नव्या रंगाच्या त्या खोलीत पेट्रोलचा वास आला. शेवटी मी पलंगावर थाप मारली आणि म्हणाले, बस.

आज पलंग जागच्या जागी आहे. हे लिहिलेलं कुठे पाठवणार, आईच्या गादीखाली सारून ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. काल आई माझा हात धरून म्हणत होती, बस म्हण गं, बस म्हण. मला ऐकू येत होतं. पण तुम्ही इतके जवळ आला होतात, म्हणून मी आधी अजून एकदा म्हटलं, येऊ दे.