भाषण कोणी मागितलं?

प्रिय मनस्वी,

काल तुझा फोन आला तो मी घेतला नाही. तुझी आजी करवादली, "नातीव पन संशय? आता आरशाव घ्या, तवराच रायलाय!" घेतलाच आहे संशय. ऐक.

दिवाळीत तू माझी परीक्षा घेतलीस. म्हातारा मेंदू पैशाच्या व्यवहारात कुठे फसतो, हा तुझ्या पीएचडीचा विषय. लॉटरी लागल्याचा फोन आला तर? बँकेच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर? प्रत्येक प्रश्नावर मी असा तापलो, की शेजाऱ्यांना भांडण वाटलं. शेवटी दार लोटून तू हसत म्हणालीस, आजोबा, तुम्हाला लुटायचं तर आधी तुमच्याकडून भाषण करून घ्यावं लागेल. मीही हसलो.

परवा तुझ्या बापाने, प्रणितने, आपटा गावी नदीकाठी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला. भोवती सगळी भावकी. त्यात स्वानंद नावाचा बिल्डर. पाया पडून म्हणाला, आबा, जमिनीच्या लढ्यातलं तुमचं ते भाषण एकदा ऐकवाच. मी उठलो. शेती गेली, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात हा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हाती आला, हे सांगत सुटलो. टाळ्या थांबेनात. त्या भरात बोलून गेलो, की प्लॉट याच पोराच्या हाती देतो! देशोदेशीच्या जमीनलुटीचे इतिहास वाचलेला मी. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, म्हणून गावोगाव घसा फोडणारा मी! भावकीपुढे दिलेला शब्द आपल्यात फिरवत नाहीत, हे प्रणित जाणतो. त्याने कुलमुखत्यारपत्र तयारही केलंय. सोमवारी पनवेलला सही.

मी जाणार नाही. लोक तोंडावर थुंकले तरी चालेल. पण स्वानंदने भाषणच का मागितलं? तू ते बोललीस तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो.

म्हणून हे पत्र. प्लॉटचं मी बघून घेईन. तू फक्त एवढं लिही, की ते तू बापाला सांगितलंस का. सांगितलं असशील, तर माझा मेंदू शाबूत आहे आणि नात हातची गेली. नसशील, तर निष्पाप पोरीवर संशय घेणारा हा मेंदू नासायला लागलाय. खुशाल तुझ्या प्रबंधात घाल. जन्मभर बुद्धीची बाजू घेऊन भांडलो गं. या वेळी तीच खोटी ठरू दे.

तुझाच,
आजोबा