निजलेल्या देवाचा नैवेद्य

आई, तुझं कलामंडळ म्हणजे देवांची खानावळ होती, हे तुझ्या तोंडावर म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. आता म्हणते. तंजावरच्या आपल्या गल्लीतल्या मराठी आणि तमिळ घरांनी मिळून ते चालवलेलं. समोरच्या दालनात गावातल्या चित्रकारांची सोन्याच्या वर्खाची चित्रं लावायची, विकली गेली तर सगळे पैसे चित्रकाराचे, मंडळाला छदामही नको. तू चिटणीस. पण चित्रकार देवाचे डोळे सगळ्यांत शेवटी काढतो आणि डोळे उघडले की देव जागा होतो. जागा देव उपाशी कसा ठेवायचा? म्हणून रोज दुपारी तू दहीभात घेऊन भिंतीवरच्या एकेका देवापुढे फिरायचीस आणि आम्ही पोरं पोटात कावळे ओरडत मागे उभी. "आधी त्यांचं, मग तुमचं." येणारे लोकही तुझ्याच वळणाचे. चपला बाहेर काढायचे, काचेला कुंकू लावायचे, हात जोडून चालू पडायचे. बाबा वैतागायचे, "अगं, हे प्रदर्शन आहे की देऊळ? विकत कोणी घेईना!" तू म्हणायचीस, "पान वाढलंय, जेवा."

मग गावात केबल आली, एसटीडीचे बूथ आले आणि परदेशी पाहुण्यांसाठी मोठं हॉटेल उभं राहिलं. त्याचा मॅनेजर आपल्याकडे आला. त्याला खोल्याखोल्यांतून लावायला कृष्ण हवे होते, तेही आपल्या त्या तरुण चित्रकाराच्या हातचे. त्या बिचाऱ्याचं घर चित्रांवर चालेना, नुकतंच मूल झालेलं. तो तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात जायला निघाला होता. "अम्मा, हे काम मिळालं तर राहतो," म्हणाला. आणि तू मॅनेजरला काय विचारलंस? "तिथे नैवेद्य कोण दाखवील?"

"बाई, आमचं रेस्टॉरंट चोवीस तास उघडं असतं!"

मला हसू आवरेना. तू मात्र नाहीच म्हणालीस. मंडळातल्या सगळ्यांनी तुला समजावलं, बाबा तर चिडलेच, "तुझ्या देवापायी माणूस उपाशी मरायचा!" ते तुला लागलं, मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी तुझं पायसम करपलं. तुझं! चुलीशी उभी राहून तू नुसती ढवळत होतीस. तो पोरगा तुझ्या शब्दाबाहेर जाणार नव्हता, आणि तुझ्या तोंडून हो निघत नव्हतं.

दोन दिवसांनी तो निरोप घ्यायला आला, बायको आणि बाळासकट. तू तुझ्या जुन्या लुगड्याची झोळी दालनातल्या तुळईला बांधून दिलीस, बाळ निजलं. मी कशावरून तरी खिदळले आणि तू माझ्यावर डोळे वटारलेस. "हळू गं! उठलं तर पाजावं लागेल." एवढं बोललीस आणि तशीच उभी राहिलीस, झोळीकडे बघत. मग त्याच्याकडे वळून तमिळमध्ये म्हणालीस, "निजलेला काढ. पाळण्यातला. पापण्या मिटलेल्या."

"पण डोळे उघडायचे नाहीत, अम्मा?"

"निजलेल्या लेकराला उठवून कोणी जेवू घालतं का?"

काय डोकं गं तुझं! हॉटेलला निजलेले कृष्ण इतके आवडले की तो पुढे कधी तिरुप्पूरला गेलाच नाही. त्यातला पहिला कृष्ण त्याने तुला दिला. तो आता इथे पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे. बाहेरच्या खोलीत माझी नात टीव्ही मोठा करते, मी ओरडते, "हळू!" ती विचारते, "आजी, कोण झोपलंय?"

तुला शेवटचं ओसरीवर ठेवलं होतं तेव्हाही बायका मोठ्याने रडू लागल्या आणि माझ्या तोंडून तेच गेलं, हळू. सगळ्यांना वाटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही. फार आठवण येते गं तुझी, अजून.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तू मराठी तमिळ अक्षरांत लिहायचीस, हे देवनागरी तुला वाचताही आलं नसतं. पण एक सांगून टाकते. रोज दुपारी त्या चित्राखाली मी दहीभाताची वाटी झाकून ठेवते. घरात विचारतात तेव्हा सांगते, कृष्णाला, उठलाच तर. खोटं सांगते, आई. ती वाटी तुझी असते.