कातरकाम, पान सदतीस

तुझ्या पुस्तकाचं छत्तिसावं पान कापून झालं, आता सदतिसावं घेतलंय. बोटभर रुंदीच्या पट्ट्या. सोमवारी माझ्या बालवर्गातली सहा पोरं त्यांच्या साखळ्या करतील. कागद चांगला आहे, गोंद पटकन धरतो.

आज शनिवार, दुपारचे चार. प्रिय धाकटे, तू मजेत असशील. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तेवढंच.

प्रस्तावनेत तू लिहितेस, ‘हे खेळ मी आणि माझ्या लेकीनं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळून पाहिले.’ टेबल माझं आहे. दोन वर्षं तुझी लेक, आपली मुंगी, त्यावर जेवली, चाळणीच्या भोकांतून लोकर ओवायला शिकली, पुठ्ठ्याला कपड्यांचे चिमटे लावत दहापर्यंत मोजू लागली. तू परगावी नोकरीला होतीस. रविवारी फोन करायचीस. ‘जेवते ना गं नीट?’ जेवायची.

हे सगळं मी निळ्या वहीत लिहून ठेवत होते. मुंगीच्या कपड्यांबरोबर ती वही तुझ्या बॅगेत गेली. मी विचारलं, तर म्हणालीस, ‘अगं, चुकून आली असेल.’ चुकून आलेली वही तू चुकून छापूनही आणलीस. आई म्हणते, ‘धाकटी आहे, सोडून दे.’ चाळिशीची धाकटी.

खरं तर वहीचं मला एवढं नाही. हे वाक्य खोडणार होते, राहू दे. तू तिला न्यायला आलीस तेव्हा मी लोकर आणायला गेले होते. अर्धा तास थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? परत आले तर टेबलावर चाळणी, अर्धवट ओवलेली. शेजारीण म्हणाली, ‘रडली नाही हो, नुसतं विचारत होती.’ काय विचारत होती, ते मी शेजारणीला विचारलं नाही.

असो. उद्या सकाळी दहाला वाचनालयाच्या सभागृहात तुझा कार्यक्रम. शंभर पालकांसमोर मुंगी सदतिसाव्या पानावरचा खेळ करून दाखवणार. कागदाची नागमोडी पट्टी, एका दमात कातरायची. फोटोत कात्री तुझ्या उजव्या हातात आहे. मुंगी नुसती बघतेय.

धाकटे, मुंगी डावखुरी आहे.

जेवते उजव्या हातानं, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. कातरते डाव्या हातानं. नेहमीची कात्री त्या हातात धरली की पात्यांमध्ये कागद दुमडतो, कापला जात नाही. मी तिच्यासाठी उलट्या पात्यांची कात्री आणली होती. ती माझ्याच खणात राहिली. वहीत यातलं काही नाही. वही मी माझ्यासाठी लिहिली होती आणि मला हे माहीत होतं.

घरी तू तिला कात्री देतच नाहीस, वरच्या फळीवर ठेवतेस. तिनंच फोनवर सांगितलं. पुस्तकात मात्र लिहितेस, ‘मुलांच्या हाती कात्री बिनधास्त द्या.’

हे पत्र उद्या दहानंतर पेटीत पडेल, आधी नाही. तुझी फजिती व्हावी, शंभर माणसांसमोर व्हावी, असं मला वाटतं. लहान मुलांना शिकवते म्हणजे बाई मनानंही मऊ असणार, असं लोक धरून चालतात.

मुंगीचं तिथं काय होईल, ते मी अजून मनात येऊ दिलेलं नाही.

तुझी, आणि तू नेलीस तरी तिचीही,
ताई

रविवार, सकाळ. साडेनऊला तुझा फोन आला. ‘ताई, हिला कातरता येत नाही का गं? इथं सराव करतोय, नुसता कागद चुरगळतेय.’

मी म्हटलं, ‘छान येतं. पुस्तकातच लिहिलंयस की.’

मग मुंगीला फोन द्यायला लावला. तिला म्हटलं, ‘कात्री खाली ठेव. पट्टी चिमटीनं फाड, हळूहळू, आपण फाडायचो तशी. आणि कुणी विचारलं, हे कुणी शिकवलं, तर खरं सांग.’

‘माइकमध्ये सांगू?’

‘माइकमध्येच सांग.’

‘बरं,’ म्हणाली. आता दहा वाजून गेलेत. पाकीट चिकटवतेय.